ससा अधिक रणगाडा

आधी माझी पात्रता सांगून टाकते. कराडच्या एका शाळेत मी ३१ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. जपानी भाषेतले मला सहा-सात शब्द येतात. त्यातले तीन नातवाने शिकवलेत, आणि दोन चारचौघांत वापरू नका म्हणून सुनेने बजावलंय. खेळण्यांच्या दुकानात मी आपणहून कधी पाऊल ठेवलेलं नाही. तरी 'कामेन रायडर बिल्ड' या जपानी मालिकेतल्या नायकाच्या खेळण्यातल्या कमरपट्ट्यावर, म्हणजे डीएक्स बिल्ड ड्रायव्हरवर लिहायला बसले आहे. कारण तो मी स्वतः उघडून, साफ करून चालू केला आणि पुढचे अडीच महिने तो रोज माझ्या कानाशी वाजला.

मुलगा श्रीरंग तोक्योत निशिकासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग, तोझाई लाइनवरचा. स्टेशनाबाहेर पडलं की दहा मिनिटांत मराठी, तेलुगू, हिंदी सगळं कानावर येतं. मला व्हिसा मिळाला ९० दिवसांचा. नातू चिकू पहिलीत. तिकडे रविवारी सकाळी नऊला कामेन रायडर ही मुखवटाधारी नायकांची मालिका लागते, त्या वेळी पोह्यांची ताटली तोंडासमोर धरली तरी त्याला दिसत नाही. दर सप्टेंबरच्या आसपास नवा रायडर येतो, त्याच्याबरोबर नवा पट्टा येतो, आणि गेल्या वर्षीच्या पट्ट्याची अवस्था अनंत चतुर्दशीनंतरच्या मखरासारखी होते. वर्गातल्या मुलांकडे चालू वर्षाचे पट्टे होते. चिकूकडे नव्हता. नव्याला काही हजार येन पडतात आणि सूनबाई नेहा हिशेबाला पक्की.

मग एका शनिवारी आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. कोपऱ्यात एक निळा क्रेट. त्यात रिमोट, बिनचाकाच्या गाड्या, एक हात नसलेला रोबो आणि तळाशी हा पट्टा. चिठ्ठीवर ५५० येन आणि शेजारी 'जंक'. म्हणजे चालतो की नाही ते आम्ही पाहिलेलं नाही, परत घेणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आपले तीनशेच्या वर थोडे रुपये. नेहा म्हणाली, "आई, बंद पडलेलं कशाला घ्यायचं?" चिकूने तोवर तो कमरेला लावून पाहिला होता, त्यामुळे तो प्रश्न तिथेच संपला.

घरी आल्यावर सेलचं झाकण उघडलं. चार बोटांचा साधा प्लस स्क्रू ड्रायव्हर पुरतो. आत जुने सेल तसेच राहिलेले, पाझरलेले. स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खपली. आधीच्या मालकाने खेळ संपल्यावर सेल काढले नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा. श्रीरंग म्हणाला, "गेलं हे." इंजिनिअर झाला, पण माझ्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा ते उगाच नाही.

ही खपली म्हणजे काय? अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर झिरपलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पोटॅशियम कार्बोनेट होतं, तीच ती पांढरी पूड. हिरवट दिसतं ते खालच्या धातूचं. मूळ पदार्थ आम्लारी, तेव्हा उतारा आम्लाचा. लिंबू आणायला सांगितलं तर नेहाने तिथल्या एका लिंबाची किंमत सांगितली, मग मी स्वयंपाकघरातला तांदळाचा व्हिनेगर घेतला. हातात भांडी घासायचे मोजे, कापूस गुंडाळलेली काडी, दोन थेंब. बारीक बुडबुडे आले. चिकूला म्हटलं, "बघ, वायू निघतोय. कुठला?" त्याला ठाऊक नव्हतं, पण नाक लावून बघायला तो तयार होता. लावू दिलं नाही. मग ओल्या काडीने पुसून, कोरडं करून, नेहाच्या नखं घासायच्या पट्टीने स्प्रिंगची टोकं खरवडली. ती पट्टी आता पुन्हा नखांना वापरता येणार नाही, त्यावरून घरात थोडं झालं. नवे सेल घातले, कळ सरकवली, आणि पट्ट्याने आवाज दिला.

चिकू तीन वेळा ओरडला, "सुगोइ!", म्हणजे "भारी!" शेवटचा माझ्यासाठी होता असं मी धरून चालले.

आता खुद्द वस्तूकडे येऊ. जपानीत 'हेनशिन' म्हणजे रूप पालटणं. हा हेनशिन बेल्ट. कामेन रायडर ही मालिका १९७१च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची कल्पना. त्या पहिल्या नायकाच्या पट्ट्यात एक पवनचक्की होती आणि तिच्यात वारा शिरला की त्याला शक्ती मिळायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पोपी नावाच्या कंपनीने त्याचं दिवा लागणारं, चक्र फिरणारं खेळणं काढलं, आणि तेव्हापासून तिकडच्या पोरांच्या कमरेचा पट्टा सुटलेला नाही. आता ते बांदाई करते. मला यातली पवनचक्की आवडली. नायकाची शक्ती कुठून येते याचं काहीतरी उत्तर तरी दिलंय. आमच्या श्रीरंगचा शक्तिमान नुसता गोल फिरायचा. १९९७-९८ साली आमच्या पुढच्या खोलीत तोही फिरला. खर्च शून्य, कपाटाचा कोपरा एक, टाके तीन.

बिल्ड २०१७च्या सप्टेंबरपासून वर्षभर चालली, ४९ भाग. तिचा नायक किर्यू सेंतो हा भौतिकशास्त्रज्ञ आहे. स्मृती गेलेली, पण समीकरणं शाबूत. प्रयोगाची ऊर्मी आली की त्याच्या डोक्यावरची एक बट ताडकन उभी राहते. लढाईला उतरताना तो काय म्हणतो, ते श्रीरंगने भाषांतर करून सांगितलं: "चला, प्रयोगाला सुरुवात करू या." अहो, हे वाक्य मी ३१ वर्षं म्हटलं. माझ्या मागे कधी स्फोट झाला नाही एवढंच. एकदाच झाला, तो हायड्रोजनचा, लहानसा.

त्याची शक्ती बाटल्यांतून येते. फुल बॉटल म्हणतात. अंगठ्याहून थोड्या मोठ्या, पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकच्या, प्रत्येकीवर एका वस्तूचं उठावाचं चित्र. पट्ट्यात दोन खाचा. एकीत सेंद्रिय घालायचं, दुसरीत असेंद्रिय. लाल ससा आणि निळा रणगाडा ही पहिली जोडी. सिंह आणि व्हॅक्यूम क्लीनर. जिराफ आणि पंखा. कोळी आणि फ्रीज. युनिकॉर्न आणि खोडरबर. या वर्गीकरणावर मला आक्षेप आहेत. निन्जा हा सेंद्रिय, ठीक. त्याच्या जोडीला कॉमिक असेंद्रिय! कागद हा सेल्युलोज, सेल्युलोज म्हणजे कार्बनचं संयुग, दहावीच्या पोराला विचारा. श्रीरंग म्हणाला, "आई, जिवंत आणि निर्जीव असा अर्थ घे." मग तसं म्हणा ना. युनिकॉर्न कुठे जिवंत आहे, हे मी विचारलं नाही. पाहुणी म्हणून राहत होते.

पण खेळणं म्हणून बघाल तर ही बाटली फार विचारपूर्वक केलेली आहे. आधी ती हलवायची. आत खडखड वाजतं. मालिकेतला शास्त्रज्ञही लढाईआधी बाटल्या अशाच खडखडवतो, औषधावर 'वापरण्यापूर्वी हलवा' लिहिलेलं असतं तसं. मग बूच फिरवून त्यावरची खूण समोर आणायची. फिरताना बोटाला टक् असा अडसर लागतो. मग खाचेत दाबायची. पट्टा ओरडतो, "रॅबिट!" दुसरी दाबली की "टँक!", आणि लगेच वरच्या पट्टीत, "बेस्ट मॅच!" आणि पुढे बँडसारखा ठेका सुरू होतो, कुणीतरी यायची वाट बघत असल्यासारखा.

आणि मग तो दांडा. या पट्ट्याचा जीव दांड्यात आहे. उजव्या हाताने तो गरागरा फिरवायचा, उसाच्या रसाच्या हातयंत्रासारखा, आणि त्याबरोबर पुढचं चक्र फिरतं, दिवे लागतात, संगीत चढत जातं. चक्र फिरवायला मोटार नाही, आपला हात आहे. दांड्याची फिरकी दातेरी चाकांतून चक्रापर्यंत पोचते, आणि ती बोटांना कळते. थांबलं की पट्टा विचारतो, "आर यू रेडी?" चिकूने दोन्ही हात पुढे आणून म्हणायचं, "हेनशिन!" मग पट्टा गातो, "हागाने नो मूनसाल्तो! राबित्तो तांकु! येऽऽइ!" हागाने म्हणजे पोलाद. पोलादी कोलांटी, असा काहीसा अर्थ. पुन्हा दांडा फिरवला की शेवटचा घाव: "रेडी, गो! व्होर्टेक फिनिश!" मग सोफ्यावरून उडी. उडी पट्ट्यासोबत मिळत नाही, ती मुलाने आपली आणायची.

माझं या वस्तूबद्दल चांगलं मत आहे ते इथे. हलव, फिरव, दाब, परत फिरव, थांब, बोल. सहा वर्षांच्या मुलाला सहा पायऱ्या क्रमाने कराव्या लागतात, आणि एक चुकली तर पट्टा गप्प राहतो किंवा भलतं बोलतो. टॅबवर बोट लावलं की आतिषबाजी होते, तिथे मुलाने काय केलं? बोट लावलं. इथे हाताला काम आहे, मनगटाला काम आहे, आणि वाट बघावी लागते. वाट बघणं तर अगदीच दुर्मीळ झालंय.

दुसरी गंमत बाटलीच्या पाठीवर आहे. तिला उलटी करून खिडकीपाशी नेलं तर मागे छोटे उंचवटे दिसतात, प्रत्येक बाटलीवर वेगळ्या जागी. खाचेच्या तळाशी दाबल्या जाणाऱ्या बारीक कळा असतात. कुठल्या दाबल्या गेल्या, कुठल्या नाहीत, यावरून पट्ट्याला कळतं की ससा आलाय का सिंह. कुलूप-किल्लीचंच तत्त्व. चिकूला मी हे कागदावर दाखवलं. तीन कळा काढल्या, दाबलेली काळी, न दाबलेली पांढरी, आणि विचारलं किती तऱ्हा होतील. त्याने रंगवून रंगवून आठ शोधल्या. मग चार कळा घेतल्या तर? तो म्हणाला, "खूप." बरोबर आहे. सोळा हे सहा वर्षांच्या मुलाला खूपच असतात. सहा कळा असतील तर चौसष्ट, आणि मालिकेत बाटल्या आहेत साठ. साठ बाटल्या, तीस जोड्या. तीस सेंद्रिय आणि तीस असेंद्रिय धरल्या तर नऊशे जुळण्या, त्यातल्या फक्त तीस 'बेस्ट मॅच'. डोळे मिटून दोन्हीकडची एकेक उचलली तर जोडी जमायची शक्यता तीसात एक. स्थळं बघताना याहून बरं प्रमाण असतं असं मी नेहाला म्हटलं. ती हसली नाही.

इथेच आमची अडचण झाली होती, ती सांगायची राहिली. क्रेटमधल्या पट्ट्याबरोबर ससा होता, रणगाडा नव्हता. म्हणजे पट्टा "रॅबिट!" म्हणून थांबायचा. चार दिवस चिकू नुसत्या सशावर खेळला. पट्ट्याचा तो अर्धा आवाज ऐकून मलाच कसंतरी व्हायला लागलं, कुणीतरी शिंकायच्या बेतात येऊन थांबल्यासारखं. जोडी ओळखायची खूण बुचावर असते. दोन्ही बुचांवर तीच अक्षरं, सशाची आणि रणगाड्याची 'आर' आणि 'टी'. मी आणि चिकू मग अक्षरं घेऊन रणगाडा शोधत फिरलो. या बाटल्या तेव्हा नाणं टाकून चावी फिरवायच्या यंत्रांतूनही मिळायच्या आणि खाऊच्या गोळ्यांच्या खोक्यांतूनही, म्हणून जुन्या बाजारात त्या पिशव्या भरभरून असतात. तिसऱ्या दुकानात एका झिपच्या पिशवीत निळं काहीतरी दिसलं. चिकू गुडघ्यांवर बसला, पिशवी दिव्यापुढे धरली, बूच वाचलं, आणि काही न बोलता माझा पदर ओढला. सहा बाटल्या, ८८० येन. पट्ट्यापेक्षा महाग. मी घेतली. माझ्या पेन्शनमधून घेतली, नेहाला विचारलं नाही.

पिशवीत सिंह आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही निघाले. म्हणजे सहात दुसरी जोडीही लागली. गोरिला, निन्जा आणि स्मार्टफोन एकेकटे. अनमेळ बाटल्या घातल्या तरी पट्टा दोघांची नावं घेतो, पण "बेस्ट मॅच" म्हणत नाही. गोरिला आणि व्हॅक्यूम क्लीनर असं लावून चिकू माझ्याकडे बघायचा, मी "नाही" म्हणायचे, तो खूश व्हायचा. नकार ऐकायला इतकं उत्सुक मूल मी शाळेत पाहिलं नव्हतं.

मालिकेचे आठ-दहा भाग आम्ही बसून पाहिले. श्रीरंग मधूनमधून सांगायचा. एक लाल भिंत उभी राहून जपानचे तीन तुकडे झालेत, तोतो, होकुतो आणि सेइतो, आणि शास्त्राचं शस्त्र होतं तेव्हा शास्त्रज्ञाचं काय होतं, असा सगळा मामला. मुलांच्या मालिकेला वजनदार आहे, लहान मुलांना सगळं झेपत असेल असं नाही. रूप पालटतानाचं दृश्य मात्र अप्रतिम. दांडा फिरला की पट्ट्यातून नळ्या निघतात, नायकाच्या पुढे आणि मागे चौकटी तयार होतात, प्लॅस्टिकच्या मॉडेलचे सुटे भाग चौकटीला चिकटून येतात ना, तशा. त्यात चिलखताचे अर्धे-अर्धे भाग ओतले जातात आणि दोन्हीकडून येऊन त्याला मधे दाबतात. सँडविच. एका पायाला स्प्रिंग, दुसऱ्याला रणगाड्याची साखळी. शेवटच्या लाथेला हवेत आलेख उमटतो, शत्रू त्यात अडकतो आणि नायक वक्रावरून घसरत येऊन लाथ घालतो. मी सवयीने अक्षांवर प्रमाण लिहिलंय का ते शोधायला लागले, तोवर शत्रू मेला.

आता उणिवा. एक, आवाज. बांधकाम पातळ, खाली वृद्ध जोडपं राहतं, आणि तिकडे शेजाऱ्याला आवाज जाणं म्हणजे फार मोठी गोष्ट. मी स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावले. "येऽऽइ" आता उशीत तोंड घालून ओरडल्यासारखं येतं, चालतं. संध्याकाळी सातनंतर दांडा बंद, हा नियम. दोन, माप. पट्टा मुलांसाठी आहे आणि ते त्याने लपवलेलं नाही. श्रीरंगने रात्री चिकू झोपल्यावर गुपचूप लावून पाहिला, मी पाण्याला उठले होते म्हणून दिसलं. दोन्ही टोकांत वीतभर अंतर. मोठ्यांसाठी वेगळे, भारीतले पट्टे काढतात म्हणे, तिकडे त्याने बघू नये अशी नेहाची इच्छा आहे. तीन, बाटल्या. साठचा आकडा मुलाच्या कानावर पडू देऊ नका. आमच्याकडे तो माझ्याच तोंडून पडला.

घ्यायचा असेल तर जुनाच घ्या, पण दुकानातच सेलचं झाकण उघडून दाखवायला सांगा. खपली पांढरी आणि स्प्रिंग शाबूत असेल तर व्हिनेगर पुरेल. तार कुजून तुटली असेल तर सोडून द्या. खाचांत बोट घालून कळा वरखाली होतात का बघा. दांडा रिकामा फिरवा, चक्र त्याच्याबरोबर न अडखळता फिरलं पाहिजे. आणि दोन बाटल्या आहेत ना, मोजा.

मी कराडला परत येऊन महिना झाला. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर चिकूने पट्टा लावला, ससा घातला, रणगाडा घातला. पट्टा घोगऱ्या आवाजात "बेस्ट..." म्हणून थांबला. म्हटलं, "सेल संपले. आता काय करायचं?" तो उठून गेला. स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमधून काढल्याचा आवाज आला, मग नेहाचा आवाज आला, मग बराच वेळ फक्त छत दिसत होतं. परत आला तेव्हा त्याच्या एका हातात जुने सेल होते आणि दुसऱ्या हाताने त्याने पट्टा उलटा करून कॅमेऱ्याला इतका जवळ धरला की सगळं धूसर झालं. "मागे घे जरा," म्हटलं. त्याने मागे घेतला. स्प्रिंगा स्वच्छ होत्या.